पदकाच्या कडेवरील नांव

युद्ध जिंकणाऱ्या सेनापतीचें नांव इतिहासकार लिहून ठेवतात. असामान्य पराक्रम करणाऱ्या वीराचें नांव सरकारी गॅझेटांत छापून येतें. पण जो साधा शिपाई सांगितल्या ठिकाणीं उभा राहिला, सांगितलेलें काम निमूटपणें करीत राहिला, आणि वांचलाच तर घरीं येऊन पुन्हां नांगरामागें चालूं लागला, त्याचें नांव कोठें लिहावयाचें? १९१४ ते १९१८ च्या महायुद्धानंतर ब्रिटिश साम्राज्यानें या प्रश्नाला जें उत्तर दिलें, तें एका वाटोळ्या रुप्याच्या पदकाच्या कडेवर ठोकलेलें आहे. महाराष्ट्रांतील कित्येक घरांच्या ट्रंकांत, देवघराच्या फडताळांत किंवा जुन्या कागदांच्या पेटींत तें पदक आजहि सांपडावयाचें. तें नेमकें काय आहे, आणि त्याच्या पोटांत मान किती व अपमान किती, याचा थोडा विचार करणें उचित होईल.

या पदकाचें नांव ‘ब्रिटिश वॉर मेडल’. राजे पंचम जॉर्ज यांनीं २६ जुलै १९१९ रोजीं त्याची स्थापना केली. तें शौर्याबद्दलचें पदक नव्हे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. शत्रूची तोफ काबीज केली किंवा जखमी अधिकाऱ्याला पाठीवर घालून आणलें म्हणून तें मिळत नसे. जो कोणी सैनिक युद्धक्षेत्रांत उतरला, किंवा आपला देश सोडून समुद्रापलीकडे सेवेस गेला, त्याला तें मिळे; मग तो जनरल असो वा शिपाई. अशीं सुमारें ६५ लक्ष पदकें वाटण्यांत आलीं. एका संपूर्ण पिढीला एकच पदक देण्याचा इतका मोठा प्रयोग ब्रिटिश साम्राज्यानें त्यापूर्वीं कधींहि केला नव्हता. निरनिराळ्या लढायांसाठीं फितीवर निरनिराळ्या पट्ट्या द्याव्या, असाहि एक बेत होता. भूसेनेसाठीं अशा ७९ पट्ट्या सुचविण्यांत आल्या होत्या. परंतु खर्चाचा आंकडा पाहून तो बेत सोडून देण्यांत आला. त्यामुळें कूतला उपाशी राहिलेला शिपाई आणि फ्रान्सच्या चिखलांत उभा असलेला शिपाई यांचीं पदकें, कडेवरचा मजकूर सोडल्यास, तंतोतंत सारखीं आहेत.

पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर. पुढच्या बाजूस राजाचा मुकुटविरहित चेहरा असून भोंवतीं लॅटिन भाषेंत ‘सर्व ब्रिटनांचा राजा आणि हिंदुस्थानचा सम्राट्’ अशा अर्थाचा मजकूर आहे. मागील बाजू विल्यम मॅकमिलन या शिल्पकारानें घडविली. तींत एक नग्न घोडेस्वार हातांत आखूड तलवार घेऊन बसलेला आहे. घोड्याच्या टापांखालीं गरुडाचें चिन्ह असलेली शत्रूची ढाल आणि मनुष्याची कवटी व हाडें आहेत. वरच्या बाजूस विजयाचा सूर्य उगवत आहे. स्वाराच्या अंगावर कोणताहि गणवेश नाहीं, आणि म्हणूनच तो कोणत्याहि एका देशाचा, एका पलटणीचा दिसत नाहीं. फितीच्या मधोमध नारिंगी रंगाचा रुंद पट्टा असून दोन्ही बाजूंस पांढऱ्या, काळ्या व निळ्या रेघा आहेत. पुष्कळ घरांतून फीत केव्हांच जिरून गेली आणि नुसतें पदक तेवढें उरलें.

परंतु या पदकाचा खरा महत्त्वाचा भाग त्याच्या दोन्ही बाजूंवर नाहीं. तो आहे कडेवर. पदक बोटांत धरून उजेडाकडे तिरपें फिरविलें म्हणजे कडेवर बारीक इंग्रजी अक्षरें दिसूं लागतात. त्यांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नांव आणि पलटण हीं क्रमानें असतात. नांव पलटणीच्या पटावर ज्या स्पेलिंगानें चढलें असेल, त्याच स्पेलिंगानें तें कडेवर उतरलें. त्यामुळें गणपत, धोंडी, विठोबा, सावळाराम हीं नांवें कधीं कधीं पटकन ओळखूं येत नाहींत. पण अक्षरें वांकडीं असलीं तरी माणूस खरा आहे. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणें या भागांतील एखाद्या खेड्यांत जन्मलेल्या मनुष्याचें नांव त्याच्या हयातींत धातूवर उमटण्याचा तो बहुधा पहिला आणि शेवटचा प्रसंग असावा.

धातूहि साधासुधा नव्हता. पदक शेंकडा साडेब्याण्णव भाग शुद्ध असलेल्या रुप्याचें, आणि वजनानें सुमारें अडीच ते तीन तोळे, म्हणजे त्या काळच्या जवळजवळ तीन रुपयांच्या भाराचें होतें. त्या दिवसांत रुप्याची स्थिति काय होती हें पाहिलें म्हणजे या गोष्टीचें महत्त्व कळतें. युद्धामुळें रुपें इतकें दुर्मिळ झालें होतें कीं, हिंदुस्थान सरकारला १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली, पाठोपाठ अडीच रुपयांची नोट निघाली, आणि दोन आणे, चार आणे, आठ आणे हीं नाणीं निकेलचीं झालीं. अमेरिकेनें १९१८ सालीं आपल्या खजिन्यांतील रुप्याचीं नाणीं वितळवून हिंदुस्थानला रुपें पुरविलें. खुद्द इंग्लंडनेंहि १९२० सालीं आपल्या शिलिंगांतील रुपें कमी करून निम्म्यावर आणलें. म्हणजे ज्या वेळीं राजाच्या नाण्यांतील रुपें घटत होतें, त्याच वेळीं शिपायाच्या पदकांतील रुपें मात्र उत्तम प्रतीचें ठेवण्यांत आलें. ही उदारता मान्य केली पाहिजे. नाहीं तर पुढील टीकेला न्याय होणार नाहीं.

आतां हें पदक ज्यांनीं मिळविलें त्यांच्याकडे वळूं. त्या महायुद्धासाठीं हिंदुस्थानांतून लढणारे व न लढणारे मिळून सुमारें १४ लक्ष लोक भरती झाले, आणि ७४ हजारांहून अधिक परत आले नाहींत. मराठ्यांच्या पलटणींचा मोठा भाग मेसापोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत गेला. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालील सहाव्या, म्हणजे ‘पूना’ डिव्हिजनमध्यें १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. १९१५ च्या नोव्हेंबरांत टेसिफोनच्या लढाईंत या सैन्याची मोठी हानि झाली आणि तें मागें हटत कूत-अल्-अमाऱ्याच्या गांवांत येऊन अडकलें. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांचा वेढा पडला. अन्न संपत आलें तेव्हां घोडीं व खेचरें मारून खाण्याची पाळी आली. गोऱ्या शिपायांनीं तें मांस खाल्लें. हिंदी शिपायांतील पुष्कळांनीं मात्र धर्माचा व गांवीं परतल्यावर जातीचा प्रश्न येईल म्हणून अगदीं शेवटच्या आठवड्यांपर्यंत त्याला हात लावला नाहीं. अंगांतील बळ गेलें, रक्तपिती रोगानें माणसें खंगलीं, आणि शरणागतीनंतर त्यांना वाळवंटांतून चालवीत नेऊन रास-अल्-ऐन येथें रेल्वेच्या कामावर लावण्यांत आलें. कित्येक वाटेंतच गेले. पदकावरील तो डौलदार घोडा पाहतांना कूतहून जिवंत परतलेल्या शिपायाला काय आठवलें असेल, याची कल्पना ज्याची त्यानें करावी.

जे मेले, त्यांचीं पदकें त्यांच्या वारसांकडे गेलीं. येथेंच कडेवरील नांवाचें मोल सर्वांत अधिक स्पष्ट होतें. मेसापोटेमियांत मरण पावलेल्या व ज्यांची कबर किंवा दहनस्थान ठाऊक नाहीं अशा ४० हजारांहून अधिक लोकांसाठीं बसरा शहराजवळ एक भव्य स्मारक बांधण्यांत आलें. १९२९ सालीं त्याचें उद्घाटन झालें. त्या स्मारकाच्या दगडावर गोऱ्या सैनिकांचीं नांवें आहेत. हिंदी सुभेदार व जमादार यांचींहि आहेत. परंतु हिंदी शिपाई, नाईक, हवालदार यांचीं नांवें दगडावर नाहींत; त्यांच्या पलटणीखालीं फक्त किती मेले तो आंकडा आहे. उलट फ्रान्समध्यें न्यूव्ह-शापेल येथें १९२७ सालीं उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी लोकांचीं नांवें कोरलेलीं आहेत, आणि त्यांत साधे शिपाईहि आहेत. सरकार एकच, युद्ध एकच, पगारहि एकच. पण युरोपांत मेलेला हिंदी शिपाई माणूस ठरला आणि बसऱ्याकडे मेलेला शिपाई संख्या ठरला. १९९७ सालीं इराक सरकारनें तें स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या वाटेवर वाळवंटांत नेऊन उभें केलें. म्हणजे त्या आंकड्यांनाहि स्थलांतर चुकलें नाहीं. अशा स्थितींत त्या मृत शिपायाचें नांव दगडानें टाळलें तरी रुप्यानें राखलें आहे. सातारा जिल्ह्यांतील एखाद्या घरांत असलेलें तें लहानसें पदक हेंच त्याचें बसऱ्याचें स्मारक होय.

पण रुपेंहि सर्वांना मिळालें नाहीं. ६५ लक्ष पदकांपैकीं सुमारें १ लक्ष १० हजार पदकें ब्राँझचीं होतीं. छाप तोच, राजा तोच, घोडेस्वार तोच. फक्त धातु निराळा. हीं ब्राँझचीं पदकें मजूर तुकड्यांना देण्यांत आलीं: बहुसंख्य चिनी मजुरांना, कांहीं माल्टाच्या, आणि कांहीं हिंदी मजुरांना. १९१७ सालीं हिंदुस्थानांतून सुमारें ५० हजार मजूर फ्रान्सला गेले. त्यांत संथाळ, उरांव, खासी, नागा, लुशाई, कुमाऊंचे डोंगरी असे लोक होते. लांकडें तोडणें, रस्ते बांधणें, बोटींतून माल उतरविणें हीं त्यांचीं कामें. त्यांच्यावाचून तोफेला गोळा व शिपायाला भाकरी पोहोंचली नसती. परंतु त्यांच्या हातांत बंदूक नव्हती, म्हणून पदकांत रुपें नव्हतें. ही रीत नवीन नव्हती. १९०० सालची चीनची मोहीम व १९०३-०४ ची तिबेटची मोहीम यांच्या पदकांतहि लढणाऱ्यांस रुपें व ओझें वाहणाऱ्यांस ब्राँझ असाच भेद होता. याच सरकारनें युद्धांत मेलेल्यांच्या वारसांना जी ब्राँझची मोठी तबकडी दिली, तिच्यावर मात्र मुद्दाम हुद्दा घातला नाहीं; मरणांत सर्व समान, असा तिचा अर्थ. जिवंतांच्या बाबतींत ही समता कोणाला सुचली नाहीं.

लढणारा कोणाला म्हणावें, हेंहि सरकारच ठरवीत असे, आणि महाराष्ट्राला याचा अनुभव फार कडू आहे. १ जानेवारी १८१८ रोजीं भीमा नदीकांठीं कोरेगांव येथें कंपनीच्या ज्या पलटणीनें पेशव्यांच्या सैन्याला तोंड दिलें, तिच्यांत महार शिपाई पुष्कळ होते. तेथील विजयस्तंभावर ‘नाक’ या प्रत्ययानें संपणारीं त्यांचीं नांवें आजहि वाचतां येतात. त्या लढाईबद्दलहि एक रुप्याचें पदक निघालें. पण तें निघालें १८५१ सालीं, तेहेतीस वर्षांनंतर, आणि तोंवर जे हयात होते त्यांनाच. मग १८९२ च्या सुमारास त्याच महारांची सैन्यभरती बंद करण्यांत आली. ते ‘लढाऊ जातींचे’ नाहींत, असें ठरलें. शिवराम जानबा कांबळे यांनीं १९१० सालीं या अन्यायाविरुद्ध सरकारकडे अर्ज केला. १९१७ सालीं माणसें कमी पडूं लागलीं तेव्हां १११ वी महार पलटण उभारण्यांत आली, आणि युद्ध संपून गरज सरतांच १९२१ सालीं ती मोडण्यांत आली. पुढें पुन्हां युद्ध आलें तेव्हां १९४१ सालीं महार रेजिमेंट स्थापन झाली, ती आजतागायत आहे. तात्पर्य, पदकांतील धातूचा प्रश्न हा केवळ टांकसाळीचा प्रश्न नव्हता. हातांत बंदूक कोणाच्या द्यावयाची, हें ज्यानें ठरविलें, त्यानेंच छातीवर रुपें कोणाच्या लावावयाचें हेंहि ठरविलें.

पदकाच्या जन्माची तारीखहि नीट पाहण्यासारखी आहे. युद्ध चालूं असतांना लोकमान्य टिळकांनीं भरतीला विरोध केला नव्हता; हिंदी लोकांना सैन्यांत अधिकाऱ्यांच्या जागा मिळाव्या अशी त्यांची अट होती. सरकारकडून तसें वचन मिळत असेल तर महाराष्ट्रांतून पांच हजार माणसें देऊं, न दिल्यास रक्कम जप्त करावी, म्हणून १९१८ सालीं त्यांनीं गांधीजींकडे ५० हजार रुपयांचा चेकहि पाठविला होता. वचन मिळालें नाहीं. युद्ध संपलें, रौलट कायदा आला, आणि १३ एप्रिल १९१९ रोजीं जालियनवाला बागेंत गोळीबार झाला. त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आंत पदकाची घोषणा झाली. पुढें १ ऑगस्ट १९२० रोजीं, ज्या दिवशीं मुंबईंत टिळकांचें देहावसान झालें त्याच दिवशीं, गांधीजींनीं व्हाइसरॉयला पत्र लिहून आपलें कैसर-इ-हिंद सुवर्णपदक आणि बोअर व झुलू युद्धांतील शुश्रूषापथकाच्या सेवेबद्दल मिळालेलीं पदकें परत केलीं. ज्याचें नांव देशभर गाजत होतें त्याला पदक परत करणें शक्य होतें. तो त्याचा निषेध होता व तो शोभलाहि. परंतु ज्या शिपायाचें नांव पदकाच्या कडेखेरीज कोठेंच नव्हतें, त्यानें तें परत करून काय साधलें असतें? त्यानें तें ठेवून घेतलें, यांत लाचारी पाहणें अन्यायाचें होईल. तें राजाचें बक्षीस होतें खरें; पण तो त्याच्या स्वतःच्या कष्टाचा पुरावाहि होता.

या पुराव्याचें पुढें काय झालें, ही कथा अधिक चिंता वाटण्यासारखी आहे. रुप्याला बाजारभाव असतो. दुष्काळ, लग्नकार्य, सावकाराचें व्याज, मुलाची फी, अशी अडचण आली म्हणजे घरांतील रुपें प्रथम बाहेर निघतें. सोनार तें कांट्यावर घालतो, तोळे मोजतो, आणि मुशींत टाकतो. कडेवरील नांवाला तो वजांत धरीत नाहीं कीं जमेंत धरीत नाहीं. ही स्थिति हिंदुस्थानापुरतीच होती असेंहि नाहीं. १९८० च्या आरंभीं जगांत रुप्याचा भाव अतोनात चढला तेव्हां खुद्द इंग्लंडांत हीं पदकें मोठ्या प्रमाणावर वितळविण्यांत आलीं. त्यामुळें आज तिकडे कित्येक शिपायांचें जोडीचें ब्राँझचें विजयपदक शिल्लक आहे आणि रुप्याचें नाहींसें झालेलें आहे. ज्या ब्राँझला कमी मानाचें ठरविलें, तें कमी किंमतीचें म्हणूनच वांचलें. आणि ज्या रुप्यानें मान दिला, त्यानेंच नांव गमावलें. शिवाय इंग्लंडच्या साध्या सैनिकांचे त्या युद्धांतील सेवेचे बहुतेक मूळ कागद १९४० सालच्या बाँबहल्ल्यांत जळून गेले. कागद जळतो आणि दगड गाळून टाकतो, तेव्हां साक्ष उरते ती कडेवरच्या चार शब्दांचीच.

पुढच्या पिढीच्या वांट्याला तेवढेंहि आलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांतून २५ लक्षांच्या आसपास लोक सैन्यांत होते. त्या युद्धाचें जें सर्वसाधारण पदक निघालें, तें कॅनडानें आपल्या लोकांसाठीं रुप्याचें केलें. ब्रिटननें तें तांबें व निकेल यांच्या मिश्रणाचें केलें, आणि आपल्या शिपायांना तें कडेवर नांव न घालतांच वाटलें. धातु हलका झाला ही एक वेळ सोसण्याजोगी गोष्ट. पण नांव नसलेलें पदक पेटींतून निघालें तर तें आजोबांचें कीं शेजाऱ्याचें, हें सांगावयास कोणी जिवंत असावें लागतें.

बसऱ्यासारख्या स्मारकांवरील भेदाची कबुली फार उशिरां मिळाली. युद्धांतील मृतांच्या स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुलाच्या मंडळानें १९२१ च्या सुमारास जें केलें, त्याची चौकशी करून २०२१ सालीं अहवाल प्रसिद्ध केला. आशिया व आफ्रिकेंतील ४५ हजार ते ५४ हजार मृतांचें स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीनें झालें नाहीं, आणि याखेरीज निदान १ लक्ष १६ हजार लोकांचीं नांवें कोठेंच घातलीं गेलीं नाहींत, असें त्यांत मान्य करून क्षमा मागण्यांत आली. नांवें शोधण्याचें काम आतां चालूं आहे. तें काम लंडनमधील दप्तरांतूनच पुरें होईल असें नाहीं; त्याचा कांहीं भाग सातारा, कऱ्हाड, चिपळूण, बेळगांव येथील घरांतल्या पेट्यांत पडून आहे.

म्हणून ज्या घरांत असें पदक असेल त्या घरानें तीन गोष्टी अवश्य कराव्या. पहिली, चकाकी आणण्यासाठीं तें राखेनें किंवा चिंचेनें घासूं नये. घासतां घासतां कडेवरील अक्षरें पुसट होतात, आणि काळें पडलेलें रुपें हें रुपेंच असतें. दुसरी, भिंगानें कडेवरील मजकूर अक्षरशः उतरून घ्यावा, चुकीच्या स्पेलिंगासकट. कारण दप्तरांत तो माणूस त्याच स्पेलिंगाखालीं सांपडेल. तिसरी, घरांतील वडील माणसांना विचारून तो कोणत्या गांवचा, कोणाचा कोण, परत आला कीं नाहीं, एवढें एका कागदावर लिहून तो कागद पदकाजवळ ठेवावा. पदक ब्राँझचें निघालें तर तें अधिकच जपावें. तसलीं पदकें मुळांतच थोडीं, आणि तीं ज्यांनीं मिळविलीं त्यांच्याबद्दल लिहिलेलें त्याहूनहि थोडें. साम्राज्याचा हिशेब इतिहास करील, तो करीत आहेच. पण कडेवर ज्याचें नांव आहे तो साम्राज्याचा असण्यापूर्वीं कोणाच्या तरी घरचा होता, आणि त्याची नोंद ठेवणें हें त्या घराचेंच काम आहे.